कानबाईचे सगळे वारस

१८ जून, बुधवार

झाला! मंजूर झाला! सात जणांत पाच हात वर, निरंजन वकिलांचा हात खाली आणि एक सभासद झोपलेले. पण झाला!

आजपासून आमच्या बुऱ्हाणपूरच्या संग्रहालयातली एकही वस्तू कोणा एकाच्या मर्जीने दाराबाहेर जाणार नाही. ज्यांनी ती दिली त्यांच्या सगळ्या वारसांना आधी लेखी विचारायचं. दारावर महिनाभर नोटीस लावायची. त्यांनी परत मागितली तर परत. नाहीतर दुसऱ्या संग्रहालयांना विचारायचं, आणि कोणालाच नको असेल तरच विक्री – तीही उघड बोली लावून. पैसा वस्तूंच्या जपणुकीलाच जाईल. नियम मी लिहिला. मी, मंगला, मानद सचिव! जन्मभर मराठी शाळेत पोरांचे निबंध तपासले त्याचं चीज झालं.

वकीलसाहेब आमचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण घाई फार. हिवाळ्यात त्यांनी आमची पितळी समई 'दुबार आहे' म्हणून परस्पर विकून टाकली. पुढच्याच महिन्यात माझी लेक भूमिका एका लग्नाला इंदूरला गेली, तर समई तिथल्या हॉटेलात! वर प्लास्टिकची फुलं खोचलेली! तिने फोटो पाठवला – "आई, ये अपनी वाली है क्या?" तेव्हापासून माझं डोकं फिरलं होतं ते आज ताळ्यावर आलं.

येताना रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलं. "अच्छा किया, बाई," म्हणाला. त्याला काय कळलं देव जाणे. पण मला बरं वाटलं.

१९ जून

नियमातलं एक कलम काल डायरीत लिहायचं राहिलं – ज्याचं वस्तूशी किंवा घेणाऱ्याशी नातं असेल त्याने बैठकीतून उठून बाहेर बसायचं. हे वकीलसाहेबांसाठीच घातलंय, खोटं कशाला बोलू! समई घेणारा त्यांच्या मेहुण्याचा दोस्त.

२४ जून, मंगळवार

वकीलसाहेबांनी विकायच्या वस्तूंची यादी आणली. "छत टपकतंय मॅडम. वस्तूंच्या डोक्यावरचं छत म्हणजे जपणूकच ना?" बोलणं खरंय. मागच्या खोलीत बादली ठेवलेली आहे. मी यादी वाचायला घेतली. चार वस्तू. चौथी – कानबाई.

माझ्या माहेरची कुलदेवी, आमची कानबाई!

चांदीचा मुखवटा, नाकात मोत्यांची नथ, आणि मागे पणजोबांच्याही आधीपासूनचा तो नारळ. माझे वडील, आबा, आणि काका वेगळे झाले तेव्हा त्यांनी शेत वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, केळीचा बाग वाटला. कानबाईवर मात्र गाडी अडली. कानबाई अख्ख्या भाऊबंदांची. श्रावणातल्या तिच्या रविवारी सगळ्यांनी एका घरात जमायचं, प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट करून एकत्र खायचे. पण कोणाच्या घरात? दोघं हातघाईवर आले. शेवटी तुझ्याकडे नको आणि माझ्याकडेही नको म्हणून रागारागाने तिला संग्रहालयात देऊन मोकळे झाले. तेव्हापासून ना चांदनी गावात माझ्या सख्ख्या भावाकडे, वामनदादाकडे रोट झाले, ना असीरगढला चुलतभावाकडे, कडूदादाकडे. बाप गेले, अबोला पोरांकडे आला.

मी मात्र तिला रोज बघते. लग्न होऊन गेलेल्या लेकीला रोट चालत नाहीत आमच्यात – कूळ बदललं ना! पण काचेवरची धूळ पुसायला कोणी मनाई केली नाही. मुखवट्याची डावी भुवई जरा उंच आहे. माझ्या आत्याची अगदी तश्शी होती.

आता माझं कलम माझ्याच गळ्यात. कानबाईचा विषय निघाला की मी बाहेर. बसेन! ताठ मानेने बसेन.

२७ जून

वारसांना पत्र गेलं. वामनदादाच्या नावे, थोरला म्हणून. दारावर नोटीस तर मंगळवारीच लागली.

६ जुलै, रविवार

कडूदादाचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मंगल, मी मेलो का वं?"

"असं काय बोलतोस दादा!"

"वामनदादाले कागद जाते, अन् मले बाजारात लोक सांगते! आमचा बाप काय वाटेवर पडेल होता?" फोन ठेवलासुद्धा.

मग चांदनीला लावला. वामनदादा घरात असून बोलला नाही, शारदावहिनी बोलल्या. "ते सही नाही करत म्हणता. एकट्यानं केली तं कडू म्हणीन, दादानं कानबाई गिळली."

कपाळावर हात मारून घेतला. भाऊबंदकीत जन्मले, भाऊबंदकीत वाढले, आणि एकाच दारी निरोप धाडला! शाळेतल्या पोरीने केलं असतं तर कान धरला असता तिचा.

९ जुलै, बुधवार

दोन पत्रं केली, शब्दाला शब्द तीच. पण आधी कोणाच्या दारी जायचं? पहिला मान चांदनीला दिला तर असीरगढ रुसणार, असीरगढला दिला तर चांदनी. भूमिकाच म्हणाली, "सिंपल है आई. दोनों एक साथ."

ती गाडीने चांदनीला, मी बसने असीरगढला. दोघींच्या कानाला फोन.

"आई, मैं दरवाजे पे हूँ."

"थांब! मी अजून फाट्यावरच आहे. हात नको लावू कडीला!"

"वामनमामा खिडकीतून बघतायत यार, मी काय सांगू?"

"सांग पाणी पाहिजे!"

धावत गेले. या वयात! मग एक, दोन, तीन म्हटलं आणि दोघींनी दोन गावांत एकदम कड्या वाजवल्या.

कडूदादाने पत्र दोनदा वाचलं. "यात 'सगळे वारस' लिव्हेल आहे."

"हो."

"मंग दादाचीबी सही लागीन."

"लागेल."

"याच कागदावर?"

"एकाच."

चहा पाजला, केळ्यांची फणी पिशवीत कोंबली. हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही!

१७ जुलै, गुरुवार

दोन संग्रहालयांना आधीच विचारून ठेवलं होतं, त्यांची उत्तरं आली – जागा नाही. आणि इंदूरचा व्यापारी वस्तू बघायला आला. नथ उजेडात धरली, मुखवट्यावर नख ओढून पाहिलं. माझ्यासमोर! मग म्हणाला, "नारियल आप रख लो. हमको बस चांदी से मतलब है."

हाताची घडी घट्ट घालून उभी राहिले. नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही.

पुढच्या गुरुवारी मुदत संपते. अर्ज आला नाही तर कानबाई बोलीला निघणार – माझ्याच नियमाने! भूमिका म्हणते, "तू सचिव आहेस, थोडी तारीख पुढे कर ना." नाही करणार. आज माझ्या कानबाईसाठी तारीख सरकवली तर उद्या कोणाच्या मेहुण्याच्या दोस्तासाठी सरकेल. रडू आलं, रडून घेतलं. पण तारीख नाही हलवली.

२३ जुलै

काही नाही. कोणी नाही. काच पुसली.

२४ जुलै, गुरुवार

आले! दोघंही आले! वेगवेगळ्या रिक्षांतून, आणि अंगणात दोन टोकांना उभे. मी बैठकीतून उठून पायरीवर बसलेले, मला बोलायची चोरी. अर्ज वामनदादाच्या हातात, त्याची सही झालेली. चालत गेला कडूदादाकडे आणि कागद पुढे केला. कडूदादाने इकडे तिकडे पाहिलं, टेकवायला काही नाही. तर वामनदादा वळला आणि पाठ पुढे करून वाकला! त्याच्या पाठीवर कागद ठेवून कडूदादाने सही केली. सावकाश. पुरं नाव.

"गुदगुल्या होते रे, लवकर कर," वामनदादा म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाशी बोलला तर हे!

दोघं आत गेले. मी पायरीवर देवाचं नाव घेत बसले. थोड्या वेळाने वकीलसाहेब बाहेर आले, हातात अर्ज. "मॅडम, अर्ज अपुरा आहे."

माझा पारा चढला. "आता काय खोट काढली तुम्ही! दोघांच्या सह्या आहेत, अजून कोणाची पाहिजे? सरळ सांगा ना, विकायचीच आहे!"

"नियम तुमचा. सगळे वारस. काकांना अपत्यं किती?"

"एक. कडूदादा."

"आणि आबांना?"

"एकच, वामनदा–"

सगळे वारस! एकेक शब्द पारखून मी लिहिलेला, आणि त्यात मी मलाच धरलं नाही. एकदा कडूदादाला विसरले, दुसऱ्यांदा स्वतःला. दारात दोन्ही भाऊ उभे होते. त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं, तोंडावरून कळत होतं.

वकीलसाहेबांनी स्वतःचं पेन काढून दिलं. "नियम चांगला आहे मॅडम. मीच हात वर नव्हता केला." आता ह्या माणसावर राग तरी कसा धरायचा! मी सही केली. माहेरच्या कुठल्याही कागदावरची माझी पहिली सही. अक्षर छान आलं.

२७ जुलै, रविवार

कानबाई नारळासकट घरी गेली. आधी कोणाकडे यावर पुन्हा भांडण – पण उलटं! "दादा थोरला, त्याच्याकडं." "नाही, कडूकडं, तो रागावेल होता." कडूदादाकडेच ठरलं.

आमच्याकडली सगळ्यात देखणी वस्तू बाहेर गेली, एक रुपया न घेता, आणि मी फुलून गेलेली! रिकाम्या काचेत पाटी लावली – 'कानबाई घरी गेली आहे.' बादलीत पाणी टपकतंच आहे. वकीलसाहेब म्हणाले, छतासाठी गावात वर्गणी काढू. पहिलं नाव माझं घाला म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार

असीरगढला कानबाई बसली. चौरंगाला केळीचे खांब, नथ लखलखती, दोन्ही घरच्या बाया एकाच ओळीत गाणी म्हणतायत. मीही म्हटली, एकही कडवं विसरले नव्हते. ताटं मांडायला लागले तशी मी उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. सवयच आहे.

४ ऑगस्ट

काल सगळं लिहवलं नाही. ओसरीवर बसले होते तर कडूदादा ताट घेऊन आला. ताटात रोट. "वारसाले नाही कसं म्हनता येईन? तूच लिव्हलं." मागे शारदावहिनी होत्या – सव्वा मूठ गहू माझ्या नावाचेही घेतले होते, म्हणाल्या. खाल्ला. पुढच्या वर्षी कानबाई चांदनीला. त्याच्या पुढच्या वर्षी बुऱ्हाणपूरला, माझ्याकडे. लेकीच्या घरी कानबाई! सकाळी ह्यांना भीतभीत विचारलं, चालेल का. हे म्हणाले, चौरंगाचा पाय हलतोय, सुताराकडे टाकून येतो.