अणुस्कुऱ्याच्या चढावरचा हात

बाबा, आज मी एका पोराला शर्यतीतून बाद केलं, आणि सकाळपासून राग मात्र तुमचा येतोय. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. गेलेल्या माणसावरचा राग एवढ्या वर्षांत निवतो, असं आई म्हणते. माझा नाही निवला. आज अणुस्कुऱ्याचा घाट मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून चढले आणि सगळं पुन्हा उकळून वर आलं. रत्नागिरीत घरी परतले ती अंगातलं पंचाचं जाकीटसुद्धा न काढता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. आई दोनदा येऊन गेली. "काय गो, एवढं काय लिहितंस? दोन घास खाऊन तरी घे." मी सांगितलं, शर्यतीचा अहवाल आहे.

ही आपल्या वेळची, केळी आणि ग्लुकोजच्या पुड्यावर चालणारी शर्यत नव्हे. हे पगारी सायकलवाले. परदेशातले संघ, प्रत्येक संघामागे गाड्या, गाड्यांच्या टपावर एकेकाच्या चार-चार सायकली, वर हेलिकॉप्टर. आणि सगळ्या शर्यतीतला कठीण टप्पा आपल्याकडे. रत्नागिरीहून निघायचं, भाट्याच्या पुलावरून पावस, मग खाडी आली की खाली आणि कातळाचा सडा आला की वर असं करत राजापूर, तिथून ओणी, पाचल, आणि पाय पार मोडले की समोर घाट. शेवटची रेघ घाटाच्या माथ्यावर. ठरलेल्या वेळेत जो पोचला नाही तो दुसऱ्या दिवशी घरी. तुम्हाला सांगायचं म्हणजे, ज्या रस्त्यानं तुमची लाल एसटी वीस वर्षं कण्हत चढली, ज्या खड्ड्यांनी तुमची कंबर कामातून गेली, तो रस्ता यांच्यासाठी पंधरा दिवसांत आरशासारखा केला. तेव्हा डांबर नव्हतं म्हणे! शाळेतली पोरं हातात झेंडे देऊन दोन तास उन्हात उभी केली होती. मी शिकवते त्या शाळेतलीही होती. त्यांना मीच उभं केलं होतं, तेव्हा जास्त बोलत नाही.

तुम्ही राजापूर–कोल्हापूर गाडीवर कंडक्टर. घाटात गाडी अडली की तुमचा आवाज लागायचा, "चला, उतरा खाली, रेटा!" म्हातारी असो, नवरी असो, मुंबईहून आलेला इस्त्रीचा शर्ट असो, तुम्ही सगळ्यांना उतरवायचात आणि स्वतः पहिला हात लावायचात. लहानपणी मला वाटायचं, कंडक्टरचं काम म्हणजे गाडी ढकलणं, आणि तिकिटं जाता जाता फाडायची. माझी पहिली शर्यतीची सायकल तुम्ही कोल्हापुरातून आणलीत, जुनी, हँडलचा रंग उडालेली, गाडीच्या टपावर सुंभानं बांधून. आमच्या बौद्धवाडीत एसटीतून सायकल उतरली तेव्हा निम्मी वाडी जमली होती. तुम्ही सायकलीवरून हात फिरवत सगळ्यांसमोर मला म्हणालात, "एक ध्यानात ठेव. पाठीवर कुणाचा हात लागू द्यायचा नाय. पडलीस तरी चालंल, पण आपल्या पायांनी वर जायचं. आपल्याला कुणी ढकलून वर आणला असा कुणाच्या तोंडून ऐकायला नको."

कुणी सांगितलं हे? तुम्ही. मग घाटात हात कुणी लावला? तोही तुम्हीच!

बावीस वर्षं झाली. मुलींची राज्याची निवड शर्यत, याच घाटात. पहिल्या तिघींना रेल्वेची नोकरी, हे उघड होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. मी तुम्हाला आठवडाभर आधी बजावलं होतं की येऊ नका. तुम्ही मान डोलावलीत. आणि कुणाशी तरी ड्यूटी बदलून घेऊन बरोबर त्याच फेरीवर चढलात. हे मला आईनं नंतर सांगितलं. पोलिसांनी तुमची गाडी शर्यतीसाठी वळणावर बाजूला घेतलेली. मी वर येतेय. तिसरी आहे, चौथी माझ्यामागे हाकेच्या अंतरावर. तो चढ मला अजून पोटऱ्यांत दुखतो. सायकल सरळ जात नाही, रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जाते, तोंडात रक्ताची चव. पण मी चढत होते, बाबा. माझ्या पायांनी चढत होते. मला तुमची घंटा ऐकू आली, दोनदा, टिंग-टिंग, गाडी सोडायची असली की देता तशी. मी मनात म्हटलं, आला हा माणूस. आता गप्प बसू दे म्हणजे झालं.

गप्प बसणं तुमच्या पत्रिकेतच नव्हतं. खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, काखेत तिकिटांची पेटी, तसे धावत आलात आणि माझ्या पाठीवर पंजा ठेवून रेटलंत. बरं, एकट्यानं नाही! मागं वळून ओरडलात, "अरे बघताव काय, हात लावा!" आणि तुमचे उतारू, एवढ्या वर्षांत त्यांना तुम्ही तेच शिकवलेलं, आले की धावत. दोघा-तिघांनी मिळून मला बंद पडलेल्या गाडीसारखी पंधरा-वीस पावलं रेटत नेली. मी ओरडत होते, सोडा, सोडा. दमानं आवाज फुटत नव्हता. पंचांची मोटरसायकल मागेच होती. त्यांनी वही काढलेली मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितली.

मी तिसरी आले. चौथीपेक्षा दोन सायकलींच्या लांबीनं पुढे. तुम्ही न ढकलता तरी आले असते, हे मी तुम्हाला आज शपथेवर सांगते आणि तुम्हाला ते ऐकावंच लागेल. नियम असा होता की रस्त्यावरच्या अनोळखी माणसानं, खेळाडूनं न मागता ढकललं, तर दंडाची थोडी सेकंदं आणि समज. तक्रार झाल्याशिवाय ती सेकंदंही कुणी लावत नसे. पण स्वतःच्या माणसानं ढकललं, तर बाद. आजच्या शर्यतीचाही नियम तोच. म्हणजे अजून सगळं गेलेलं नव्हतं. अर्ध्या तासानं रस्ता मोकळा झाला आणि तुमची गाडी वर आली. त्या अर्ध्या तासाचं मग सांगते.

तुम्ही गाडीतून उतरलात ते छाती काढून. सरळ पंचांपुढे. "साहेब, माझी पोरगी! तिसरी आली न्हवं?" मी दहा पावलांवर पाण्याची बाटली घेऊन उभी होते. वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला नको, तुम्हाला पोटात घ्यावं. पंचांनी तुम्हाला बाजूला नेलं, काहीतरी बोलले, हातातला कागद दाखवला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, "नाय साहेब. चूक झाली माझी. माझी पोरगी नाय ही. लांबनं तशी दिसली." गाडीतली मासळीवाली मावशी खिडकीतून म्हणाली, "असा काय बोलताव कंडक्टर? पाचलपासून सगळ्या गाडीला सांगत होतात, माझी पोरगी येतेय म्हणून!" उतारू हसले. पंच नाही हसले. त्यांनी माझ्या नावावर काट मारली. चौथी रेल्वेत लागली. आता ती मोठी अधिकारी आहे, भेटली की हसते.

माझी पोरगी नाय ही. बाबा, ढकललंत ते मी एक वेळ सोडलं असतं. पण हे वाक्य? ज्याला त्याला मी ते सांगितलंय. आईला सांगितलं, शाळेतल्या बायकांना सांगितलं, माझ्या हाताखालच्या पंचांना शिकवताना सांगितलं. नोकरी गेली ती गेली, वर बापानं भर रस्त्यात नाकारलं. ऐकणारा हळहळतो. मी तुमच्याशी वर्षभर बोलले नाही. तुम्हीही समजावायला आला नाहीत. एकदा राजापूरच्या स्टँडवर घाईत मिळेल त्या गाडीत चढले, तर तुमचीच गाडी. तुम्ही सीटसीट करत माझ्यापर्यंत आलात, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा टेकवून विचारलंत, "कुठं जायचं, ताई?" ताई! थट्टा होती की काय होतं, मला कळलं नाही. चेहरा तर थट्टेचा नव्हता. मी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि रागानं चालत घरी आले. आईला म्हटलं, माणूस आहे की दगड. आईनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तुम्ही तिला काय सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक काहीच नाही.

तर आज. शर्यत संपत आलेली, पुढचे परदेशी केव्हाच वर पोचून थंड पाणी डोक्यावर ओतत होते. मी शेवटच्या सायकलवाल्यांमागे होते. त्यांच्यात एक आपला पोरगा, पाचलच्या अलीकडच्या गावातला, आपल्या देशाच्या संघात निवडलेला. सगळं गाव रस्त्यावर. वेळ संपायला थोडी मिनिटं उरलेली, आणि त्याची सायकल तशीच, या कडेवरून त्या कडेला. त्याच वळणावर. तुमची गाडी उभी होती तिथं आज सरबताची टपरी आहे. गर्दीतून एक माणूस सुटला, पायातल्या चपला तिथंच टाकून अनवाणी धावला आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला. बाबा, मी मोटरसायकलवर उभी राहून ओरडले, "हात काढा! हात काढा हो!" पुढे बसलेला चालक दचकला. त्या माणसानं हात काढला, पण मी बघितलं होतं, आणि मी पंच आहे.

पोरगा वेळेत पोचला. जेमतेम. मी कागद घेऊन त्याच्याकडे गेले. तो रस्त्यावर पाय पसरून बसलेला, चेहरा मिठानं पांढरा. मी त्याला सुटायला वाव दिला, हे मी कबूल करते. असं विचारलं की कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणेल. "घाटात एवढी गर्दी असते. तुला कोणीतरी ढकललं. तू काही मागितलं नव्हतंस. कोण होता, ओळखत नसशील ना?" मला त्यानं नाही म्हणायला हवं होतं. माझं पेन 'अनोळखी' या शब्दावर टेकलेलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी खुळ्यासारखं काहीतरी विचारलंय. "ओळखतो की, मॅडम. बाबा हायत माझे."

"बाद होशील."

"मग काय करू? बाबाच हायत ते."

बस. रडला नाही, विनवण्या नाहीत. थोड्या वेळानं त्याचा बाप चढ चढून वर आला, चपला हातात, तर ह्यानं त्याला पाणी दिलं. मी त्याला बाद केलं आणि जीपमध्ये येऊन बसले. इतका राग आला त्या पोराचा! दोन शब्दांत मोकळा झाला. एवढं सोपं असतं होय?

तो अर्धा तास राहिला. लिहिते, कारण हे मी कुठं पाठवणार नाही. अहवालाचे कोरे कागद आहेत, उद्या फाडून टाकीन. मी रेघ ओलांडली तेव्हा चौथीचा मामा शेजारी उभा होता. तो कुणालातरी म्हणाला, माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू यावं म्हणून, "ढकलल्याशिवाय ही मंडळी वर येतात कुठं?" माझ्या कानशिलातून जाळ निघाला. तेवढ्यात पंचांनी बोलावलं. "तो खाकी कपड्यातला कंडक्टर तुझा कोण?" तुम्ही तिथं नव्हता. गाडी अजून खालीच अडकलेली. मी म्हटलं, "कुणी नाही. मी ओळखत नाही त्यांना." त्यांनी कागदावर तसं लिहिलं आणि सही मागितली. पूर्ण नावाची. माझं नाव, मग तुमचं, मग आडनाव. 'कुणी नाही' याच्या खाली मधोमध तुमचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं.

पंचांनी तुम्हाला दाखवला तो हाच कागद. तुम्ही तो वाचलात, मान वर करून माझ्याकडे बघितलंत, आणि मगच म्हणालात, माझी पोरगी नाय ही. माझं खोटं खरं व्हावं म्हणून म्हणालात. मला ते तिथंच कळलं होतं, बाबा. बावीस वर्षं मी सगळ्यांना तुमचं वाक्य सांगत आले. माझं कुणालाच सांगितलं नाही.