ओ निगेटिव्हची पुरवणी

४ डिसेंबर, रविवार
आज पुन्हा सगळा इंडेक्स पहिल्यापासून. सकाळी सातला मशीन लावलं, संध्याकाळी साडेपाचला मोकळं झालं. तोवर सर्च बंद. कॉलेजांच्या गटांनी आपापल्या साइटवर ठेवलेली रक्तदात्यांची पानं, एका माणसाचं एक पान. ती सगळी पुन्हा आणायची, पुन्हा वाचायची, कुठला शब्द कुठल्या पानावर ते पुन्हा लिहायचं. आठवड्यात नवी पानं आली वीसेक. वीस पाहुण्यांसाठी अख्ख्या गावाचा स्वयंपाक!

हे सर्च सुरू केलं चिकूसाठी. दादाची पोर, सात वर्षांची, सिकलसेल, रक्त ओ निगेटिव्ह. दर महिन्याला रक्त चढवावं लागतं, आणि हा ग्रुप मिळता मिळत नाही. वहिनी विचारते, "भाऊजी, आपल्या ग्रुपचं कोनी आलं का नवीन?" मी म्हणतो, रविवारी कळेल. लाज वाटते. रक्ताला रविवार कळत नाही.

७ डिसें., बुध.
जेवताना बाबांना रडगाणं ऐकवलं. बाबा रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या शाळेतून रिटायर. कॉम्प्युटरला अजून हात लावलेला नाही, पण पेपर तपासण्यात जन्म गेला. म्हणाले, "पोट्ट्यानं पुरवणी मागतली तर तो अख्खा पेपर पहिल्यापासून लिहिते का बे?"
"नाही."
"मंग तू काहून लिहून राहिला?"


९ डिसें., शुक्र.
पुरवणीच. मोठा इंडेक्स आहे तसा ठेवायचा. नव्या पानांचा छोटा वेगळा. सर्च दोन्हीकडे बघेल. कधीमधी सवडीने पुरवणी मोठ्याला शिवून टाकायची. एवढी साधी गोष्ट, आणि मी सहा महिने…

११ डिसें., रवि.
चाललं! भिलाईच्या एका मुलीचं पान चार वाजून दहाला आणलं. लगेच शोधलं. आलं. चार दहालाच! कुठल्याशा कॅफेत बसून एका पोरीने 'मी रक्त देईन' असं लिहिलं, आणि समता कॉलनीतल्या माझ्या खोलीत ते मला ऐकू आलं. उठून गॅलरीत उभा राहिलो. खाली दवाखान्यापुढे रिक्षावाले भांडत होते. त्यांनाही सांगावंसं वाटलं.
बाबांना सांगितलं. "हं. दोऱ्यानं नीट बांध, नाहीतर पुरवणी हरपते."

२५ डिसें., रवि.
दुसरा रविवार, मशीनला सुट्टी. पूर्ण इंडेक्स केला नाही. गरजच काय? दादा ड्यूटीवरून आला. चिकू त्याच्या पाठीवर. भेदरासारखे, पिकल्या टोमॅटोसारखे लाल गाल नाहीत तिचे, पण हसते छान. मी फार खूश आहे स्वतःवर. नोंद करून ठेवतो.

१३ जानेवारी, शुक्र.
सकाळी चिकूचे पाय दुखायला लागले. किंचाळत होती. हिमोग्लोबिन चारच्या खाली. डॉक्टर: रक्त आजच. ब्लड बँकेत ओ निगेटिव्ह नाही. दादा ड्यूटीवर, डोंगरगडला.
सर्च केलं. ओ निगेटिव्ह, रायपूर. एकच नाव. संतोष, टिकरापारा. फोन लावला, एका मुलीने उचलला.
"संतोषजी हैं क्या? खून चाहिए था, अर्जेंट."
"पापा तो नहीं रहे भैया. पिछले महीने."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हणून ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "किसको चाहिए?"
"भतीजी को. सात साल की है."
"मेरा भी वही ग्रुप है. आ जाऊँ?"
स्कूटीवर आली. पूर्णिमा, बी.एससी.ला आहे. वजन बेचाळीस वाटत होतं, काट्यावर सेहेचाळीस भरलं; पंचेचाळीस तरी लागतं. टेबलावर झोपून छताकडे बघत राहिली. वहिनीने तिचे पाय धरले, ती "अरे दीदी!" म्हणून उठूनच बसायला निघाली.
चार वाजता चिकू झोपली. ओठांना रंग आला. मी आजवर एवढं मोठं काही पाहिलेलं नाही.

नंतर खोलीवर येऊन पाहिलं. कॉलेजच्या गटाने संतोषजींचं पान महिनाभरापूर्वीच काढलं होतं. माझी पुरवणी फक्त आलेलं लिहिते, गेलेलं बघत नाही. पूर्ण इंडेक्स केला असता तर ते नाव आपोआप गेलं असतं. तो केला नाही, कारण मी खूश होतो.
बाबा: "पुरवणीत नवं लिहिलं की आधीचं खोडा लागते. येवढंही सांगू का तुले?"
पण केला असता तर आज यादी रिकामी आली असती. फोन लागलाच नसता. हे बाबांना बोललो नाही.

१४ जाने., शनि. संक्रांत
गमी झालेल्या, म्हणजे माणूस गेलेल्या घरी यंदा सण नाही, म्हणून वहिनीने तीळगूळ डब्यात भरला, आम्ही दोघंच घेऊन गेलो टिकरापाऱ्याला. पूर्णिमाची आई ओट्यावर बसली होती. मी माफी मागितली, नाव काढायचं राहून गेलं म्हणून.
"उसमें अभी भी आता है उनका नाम?"
"हाँ. आज निकाल दूँगा."
"ढूँढो तो निकलता है?"
"हव."
तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "तो रहने दो न, भैया." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे.

१५ जाने., रवि.
खोडायची यादी लिहिली. गेलेली पानं त्यात, सर्च आधी ती यादी बघून ती नावं गाळेल. आणि दर रविवारी पुरवणी मोठ्या इंडेक्सला शिवताना गेलेलं कायमचं जाईल. प्रोग्राम बरोबर चालतो, खोट्या नावांवर तपासला. यादी अजून कोरी आहे. पहिलं नाव कुठलं ते ठरलेलं आहे.
बाबांना विचारलं. "खोडलेलं वाचता येते," म्हणाले. "फाडलेलं नाही." मला इंडेक्समध्ये तसं करता येईल का, बघतो.
पण घाईतल्या एखाद्या बापाने उद्या तोच नंबर लावला तर? त्या घरात पुन्हा फोन वाजेल. उचलणारी पुन्हा तीच.
चिकूला पुढचं रक्त तीन-चार आठवड्यांनी लागेल. पूर्णिमाचं पान आज तिच्याच हातून भरून घेतलं, दहा सेकंदांत आलं. पुन्हा शोधलं. ओ निगेटिव्ह, रायपूर. दोन नावं. एक परवाच दिल्याने एप्रिलच्या मध्यापर्यंत देऊ शकत नाही. दुसरं संतोषजींचं. खोडायची यादी अजून कोरीच.