नानांचं क्रियापद

नाना, आज दुपारी इथल्या किचनमध्ये उभा राहून मी दुधाला म्हणालो, "बाइड रे, बाइड जरा." घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. तुमची सून नागपूरला, तुमची नात तिच्याबरोबर, आणि मी अमेरिकेत, चँडलरच्या या घरात एकटा दुधाशी बोलतोय. दूध कुठलं ऐकतंय, गेलं उतू. तुम्ही असता तर म्हणाला असता, "गधड्या, आधी बर्नर बंद कर." तो केला. पुसायचं मात्र तसंच ठेवलं आणि टेबलाशी येऊन हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मध्ये कधी तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं सुचलं नाही. पण शब्द तुमचा आहे. त्याच्यावरून भांडायचं तर तुमच्याशीच भांडायला पाहिजे, दुसऱ्या कोणाला तो कळायचाही नाही.

तुमच्या लहानपणी तुमच्या मिशनच्या शाळेत हेडमास्तर म्हणून एक म्हातारे स्कॉटिश पाद्री होते. वर्गात गोंगाट झाला की हात वर करून ओरडायचे, "बाइड!" आणि नवी पोरं दाराकडे बघायची, कुठली बाई आली म्हणून. हा किस्सा तुम्ही प्रत्येक पंगतीत सांगितलात आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसलात. पुढे त्याच शाळेत तुम्ही इंग्रजीचे मास्तर झालात आणि शब्द आमच्या घरी आला. हवेत खडू धरल्यासारखी बोटं धरून तुम्ही समजावून द्यायचात. स्कॉटलंडचं जुनं क्रियापद आहे. "व्हेअर डू यू बाइड" म्हणजे तू राहतोस कुठं. "बाइड अ वी" म्हणजे थांब थोडा. टिकून राहणं तेही बाइडच. आणि नकार लावला की वेगळंच, "आय कॅना बाइड इट", मला हे सोसवत नाही. मराठीत बघ, म्हणायचात, राहणं, वाट पाहणं, साहणं, यमक जुळतं पण शब्द तीन लागतात. आई म्हणायची, "त्यांचं बरंय, एका भांड्यात सगळा स्वयंपाक." पाद्रीसाहेबांची बायको नागपूरच्या उन्हाळ्यात तापानं गेली, तेव्हाची गोष्ट मात्र तुम्ही एकदाच सांगितलीत. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले, पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "आय कॅना बाइड द हीट, बॉइज." मग पुस्तक मिटलं. तुम्ही पोरांनी उठून वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं. उकाड्याचीच तक्रार आहे असं तुम्हाला वाटलं होतं.

आमच्या घरात त्या शब्दाचं पार मराठी होऊन गेलं. आईला इंग्रजीचा गंध नव्हता, पण ती बिनदिक्कत म्हणायची, "वरण बाइडू दे, मग फोडणी घालते." पाहुणे निघाले की, "बाइडा हो, चहा टाकलाय." मला तर कितीतरी दिवस हा मराठीच शब्द वाटत होता. सहामाहीच्या निबंधात मी लिहिलं, "आम्ही स्टेशनवर मामाची गाडी येईपर्यंत बाइडलो." मराठीच्या बाईंनी लाल पेन्सिलीनं वर्तुळ केलं आणि अख्ख्या वर्गासमोर विचारलं, "हे काय बाइडलंस बाबा?" मी रडत घरी आलो. वाटलं तुम्ही बाईंची बाजू घ्याल, नाहीतर माझी घ्याल. तुम्ही वही हातात घेऊन इतका वेळ हसलात की आई पोळी लाटायची सोडून बाहेर आली. मग म्हणालात, "काहून रडतोस? भूतकाळ बरोबर चालवला आहेस की!" मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

तुम्ही इथं आलात तो हिवाळा. एकदाच आलात. अंगणात गवताऐवजी खडी पसरलेली बघून तुम्ही म्हणालात, "बांधकाम अर्धवट सोडून पळाला काय रे कंत्राटदार?" पोर तेव्हा पहिलीत होती. आम्ही तिला दोन वर्षांची असताना इथं घेऊन आलो, त्यामुळे तिला नागपूर म्हणजे फोनमधला आवाज, आणि तो आवाज आता टोपी घालून तिच्या किचनमध्ये बसून पोहे खात होता. शेजारचा कोणीतरी दारात आला होता, मी त्याला म्हणालो, "आय स्टे हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." तो गेल्यावर पोरीनं कमरेवर हात ठेवले. "बाबा, यू डोन्ट स्टे हिअर. यू लिव्ह हिअर. स्टे इज फॉर हॉटेल्स." मी ओशाळलो. आपण सगळेच 'कुठे राहता'चं 'व्हेअर डू यू स्टे' करतो, आणि इथल्या पोरांना ते ऐकून हसू येतं. पण तुम्ही! तुम्ही चमचा खाली ठेवलात आणि तिला सांगितलंत की स्कॉटलंडमध्ये लोक घराबद्दल असंच विचारतात, 'स्टे' म्हणतात, त्याहून जुने लोक 'बाइड' म्हणतात, तेव्हा तुझा बाप अगदीच काही अडाणी नाही. तिला तो शब्द इतका आवडला! दिवसभर घरात बाइड, बाइड. संध्याकाळी तुमच्या मांडीवर चढून विचारते, "आजोबा, डू यू बाइड विथ अस नाऊ?" तुम्ही म्हणालात, "नाही बाई, माझा व्हिजिटर व्हिसा आहे." तिला काय कळणार. ती म्हणाली, "ओके, बट बाइड टुमॉरो ऑल्सो."

तुम्ही गेलात तेव्हा माझी कागदपत्रं अडकलेली होती. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, नोकरी गेली असती आणि ग्रीन कार्डच्या रांगेतली जागाही धोक्यात आली असती. ही रांग म्हणजे काय ते मी तुम्हाला किती वेळा समजावलं, आणि तुम्ही दर वेळी विचारायचात, "पण घोडं पेंड कुठं खातंय?" शेवटच्या फोनवर तुमचा आवाज अगदी खोल गेला होता. मी म्हटलं, नाना, मी निघतो, जे व्हायचं ते होवो. तुम्ही म्हणालात, "येऊ नको. तिथंच बाइड." मी ते 'थांब' असं ऐकलं, आणि थांबलो. हल्ली वाटतं, तुम्ही 'सोस' म्हणाला असाल. खरं काय ते तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.

तर आता नातीचं ऐका. आमच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेलं पोर एकविसाव्या वाढदिवशी सुटून पडतं. कायद्याच्या हिशेबी ते त्या दिवसापासून आमचं मूल राहत नाही. त्याआधी आमचा नंबर लागला तर तीही आमच्याबरोबर आत, कायमची. नाही लागला तर तिनं आपली सोय बघायची. म्हणजे नाना, इतकी वर्षं मी ज्या रांगेत उभा होतो ना, ती माझ्यासाठी नव्हतीच. मला काय, मी चार पोळ्या कुठंही खाल्ल्या असत्या. तिच्यासाठी होती. ती दहावीत गेली तेव्हा मी म्हणायचो, होईल. कॉलेजात गेली तेव्हाही म्हणायचो, होईल गं, अजून वेळ आहे. ती म्हणायची, "बाबा, चिल." मग ती चिल म्हणेनाशी झाली.

विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी अर्ज केला. त्यात सिद्ध करावं लागतं की शिक्षण झालं की तू इथं राहणार नाहीस, आपल्या घरी परत जाशील. घरी म्हणजे कुठं? पोरीनं प्रामाणिकपणे सांगितलं, माझं घर चँडलरला आहे. बोंबला! अर्ज नामंजूर. लॉयरबाई म्हणाल्या, तिनं तसं बोलायला नको होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या एक काकू डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, कॅनडाचं बघा ना, आमच्या भाच्याचं पटकन झालं." मंडळी सगळी चांगली आहेत, पण त्या दिवसांत कोणी 'पटकन' म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. वाढदिवसाला तुमच्या सुनेनं पुरणपोळी केली. पोर खाली मान घालून जेवली. मग म्हणाली, "सो, यू वर राइट, बाबा. वुई वर जस्ट स्टेइंग." मला नाना, इतकी लाज वाटली. ती पहिलीत असताना मी चुकलो होतो तेच बरं होतं.

नागपूरला धाकट्या काकांनी त्यांची वरची खोली रिकामी केली आहे. तिला मराठी कळतं, बोलताना अडखळते, वाचता तर अजिबात येत नाही. जायच्या आधी तिनं आपली खोली स्वतः आवरली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "प्लीज बाबा, नॉट नाऊ." तिची घडी बसेपर्यंत तुमची सूनही बरोबर निघाली होती. फिनिक्सच्या विमानतळावर बॅगा उतरवताना मी एकदम म्हणालो, मीही येतो. सोडतो हे सगळं. खड्ड्यात गेली नोकरी. तुमच्या सुनेच्या डोळ्यांत दिसलं, तिला वाटलं मी येतोय, खरंच येतोय. पण पोरगी म्हणाली, "नो. यू स्टे, बाबा. समबडी हॅज टू बी इन द लाइन." तिनं सगळा विचार करून ठेवला होता. मला कार्ड मिळेल, मग मी नागरिक होईन, मग मी तिला बोलावेन. एका रांगेमागे दुसरी रांग, तिच्यामागे तिसरी. ती मला धीर देत होती हो! एकवीस वर्षांची पोर, जिला हाकललं तीच, बापाला सांगतेय तू वाट बघ म्हणून. मी मान हलवली. पार्किंगमध्ये परत आलो तर गाडी कुठं लावली तेच आठवेना.

तेव्हापासून मी आहे इथं. कामावर जातो, येतो. आठवड्याचा कचऱ्याचा डबा बाहेर काढतो, आत घेतो. तुमच्या क्रियापदातला राहण्याचा अर्थ मला जमतो, त्यात काय, भिंतीही राहतात. सोसणंही जमेल असं वाटायचं. आता नाही वाटत. कामावरचा एक नवा मुलगा, पुण्याचा, नुकतंच तिकडे बाळ झालेला, मला परवा विचारत होता, "सर, रांगेत नाव लावू का? किती थांबावं लागतं?"  काय सांगू? लाव म्हणू की पळ म्हणू? शेवटी म्हटलं, बाळाचं वय काय? तो हसला, त्याला वाटलं मी विषय बदलला.

हे पत्र कुठं पाठवणार, नाना? पाठवायचं नाहीच आहे. तुम्ही वाचलं असतंत तरी आधी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्यात. पण एक गोष्ट आहे, ती मी घरी कोणाला बोललेलो नाही आणि बोलल्याशिवाय राहवतही नाही. गेल्या आठवड्यात कामावर असताना लॉयरबाईंचा फोन आला. आवाज अगदी लग्नघरातला. "काँग्रॅच्युलेशन्स! युअर डेट इज करंट." आमचा नंबर लागला. तारखा एकदम पुढे सरकल्या म्हणे, असं कधी होत नाही म्हणे. कागद पाठवा, सह्या करा, दोघांचंही होऊन जाईल. मी विचारलं, दोघांचं? त्या म्हणाल्या, हो, तुमचं आणि मिसेसचं. मुलीचा वाढदिवस होऊन गेला ना. थोडं आधी झालं असतं तर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. मी त्यांना थँक यू म्हणालो, आणि मीटिंगला जाऊन बसलो.

मी त्यांना कागद पाठवलेले नाहीत. तुमच्या सुनेला सांगितलेलं नाही. पोरीला कसं सांगू? ती आधी आनंदानं ओरडेल, आणि मग वाढदिवसापासून आजपर्यंतचे दिवस मोजेल, मी ओळखतो तिला. तिचा रोज सकाळी फोन येतो, तिकडे तेव्हा रात्र असते, मागे काकांच्या टीव्हीचा आवाज. नळाला पाणी कधी येतं, रिक्षावाल्यानं कसं फसवलं, ते सांगते. ठेवताना न चुकता विचारते, "एनी न्यूज, बाबा?"

आजही विचारलं. मी म्हटलं, "नाही गं. थांबा म्हणालेत."