नंतर बोलू

प्रिय खुडबुडे,

दुकानदाराने ते नवं नेटवर्क कार्ड जवळजवळ फुकट म्हणून माझ्या गळ्यात मारलं होतं. त्या फुकटापायी तुझे सगळे रविवार गेले, मैत्रिणीच्या लग्नाला जाणं बुडालं, आणि ते मी बुडवलं म्हणून तुझ्या आईने माझ्याशी अबोला धरला. एवढं महागडं फुकट मी जन्मात घेतलं नाही.

जुनं कार्ड बाजारात मिळेना, आणि नव्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, साध्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला. आपण औषध कारखान्याला दिलेल्या बाटल्या भरायच्या यंत्रात मात्र रिअल टाइम सिस्टिम. मला वाटायचं, रिअल टाइम म्हणजे भलतं वेगवान. तू म्हणालीस, बाबा, लवकर नाही, वेळेवर. मग तू ड्रायव्हर तिकडून उचलून इकडे बसवलास, यंत्र चाललं, मी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. आणि आठवड्याच्या आत औषध कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, शेठ, तुमच्या यंत्राने आमच्या फरशीचा खोकला अगदी बरा केला. बाटली आल्याचा निरोप उशिरा पोचायचा, तोवर बाटली पुढे निघून गेलेली आणि खोकल्याचं औषध जमिनीवर.

मधूनच ठेका चुकतोय, हे मी दारातूनच ओळखलं होतं. माझा कान तुला ठाऊकच आहे. दहा मोटरी एकदम फिरत असोत, कोणतं बेअरिंग रडतंय ते मी हातातला कप खाली न ठेवता सांगतो. या कानांच्या जोरावरच मी फिटरचा मालक झालो. फक्त मी व्हॉल्व्हला दोष दिला, तू ड्रायव्हरला, आणि तुझं खरं निघालं. कार्डाने हाक मारली की तो ड्रायव्हर हातचं काम टाकून तिथेच गप्पा छाटत बसायचा, बाटलीचा निरोप ताटकळत. साध्या कॉम्प्युटरला ते खपतं, इथे नाही. दार वाजलं की ‘आलात? बसा, नंतर बोलू’ म्हणायचं आणि लगेच कामाला लागायचं, पाहुण्याशी गप्पा सवडीने. तू ड्रायव्हरला हे शिकवलंस, फरशी कोरडी झाली, आणि ‘नंतर बोलू’ हा आपल्या घरातला विनोद होऊन बसला. आई भाजी आणायला सांगायची, मी म्हणायचो, नंतर बोलू. ती म्हणायची, मग जेवणाचंही नंतरच बोलू.

तू लांबच्या नोकरीवर गेलीस तेव्हा मी दोन दिवस तोंड पाडून बसलो, हे खरं. तिसऱ्या दिवशी मीच शेजारीपाजारी सांगत फिरत होतो, आमची पोर कुठे पोचली बघा. यंत्र अजून एक थेंब सांडत नाही.

काल आई म्हणाली, तू फोनवर रडलीस. बाबा दोन वाक्यांत ‘बरं, नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवतात, अजून रागावलेत, मी नोकरी सोडून परत येते, असं म्हणालीस. अगं वेडे, राग कसला? येऊ नकोस. आलीस तर सुट्टीत ये, चार दिवस राहा आणि परत जा. मला मनात आहे ते फोनवर सांगता येईना, म्हणून हे कागदावर. परवा आपला फिटर म्हणाला, मालक, बेअरिंग रडतंय, आणि मी त्याच मोटरीला टेकून उभा होतो. मग गेलो डॉक्टरकडे. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, उजव्याने निम्मं येतं.

तुझाच,
बाबा