यादीतलं शेवटचं नाव

मंगळवार, ७ नोव्हेंबर २००६

आक्का, आधी माफ कर. निघताना तू ही वही दिलीस, रोज लिही आणि महिनाअखेरीला चंदगडच्या एसटीनं पाठव म्हणालीस, आणि मी आठवडाभर पेन उचललं नाही. काळजी करू नकोस, तुझा भाऊ बरा आहे. मार्केट यार्डात चन्नाप्पांच्या गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून बसलो. त्रेसष्टाव्या वर्षी मला कोण घेणार होतं! राहायला दुकानामागं खोली आहे, चहा दोन वेळा येतो, खिडकीतून गुळाचा वास येतो. चन्नाप्पा माडीवर अंथरुणाला खिळलेले. दम्यानं बोलवत नव्हतं, तरी वर बोलावून म्हणाले, "पावणं, घरचंच समजा की." फक्त माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या सापडत नाहीत. तू पिशवीतच घातल्या होत्यास ना?

गुरुवार, ९ नोव्हेंबर

इथं लाल वही नाही, संगणक आहे. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, चित्र एक नाही. हिशेबाचा प्रोग्राम विकतचा नाही म्हणे. त्याचं मूळ लिखाण सगळ्या जगाला फुकट उघडं ठेवलंय, ज्यानं त्यानं आपल्या यंत्रावर बांधून घ्यायचं. या पेढीची रीत अशी, की जो दिवाणजी वही लिहिणार त्यानंच ती शिवायची आणि पहिल्या पानावर आपलं नाव घालायचं. वह्या गेल्या, रीत राहिली. दिवाणजी बदलला की प्रोग्राम पुन्हा मुळापासून.

मी सातवी शिकलेला. चन्नाप्पांची सून शिवांजली पुण्यात असते, तिनं कागदावर सगळं मराठीत लिहून दिलंय. आधी "कॉन्फिगर", मग "मेक", म्हणजे बांधणी, मग "मेक इन्स्टॉल". एकेक अक्षर बघून टंकतो. "मेक" दिलं की ओळी भराभर वर सरकतात आणि कुठंतरी अडतात. आज तीनदा अडलं. चौथ्यांदा दीड तास नीट चाललं आणि दुपारची लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून.

शनिवार, ११ नोव्हेंबर

झालं! शिवांजलीला फोन केला. ती म्हणाली, काका, नावांच्या यादीत तुमचं नाव घातलंत का? ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची यादी मूळ लिखाणातच असते. उघडली. वर सगळी परदेशी नावं, खाली इथले तीन दिवाणजी, शेवटचा माझ्या आधीचा पिराजी. त्याच्याखाली इंग्रजीत "गुंडू" टंकलं. मेक एका दमात पार.

शिल्लक काढून बघितली. गुळाचे रवे, हमाली, तोलाई, सगळं जागच्या जागी. शेवटी एक खातं माझ्या नावाचं, पुढे २१९० दिवस. हजेरीचं असेल.

सोमवार, १३ नोव्हेंबर

माझ्या खात्यावर आज १६४० दिवस. मी काही लिहिलेलं नाही. चन्नाप्पांच्या नावावर ५५० चढलेत. या प्रोग्रामात इकडून गेलं ते तिकडं दिसावंच लागतं, नाहीतर तो हिशेब घेतच नाही.

सकाळी चन्नाप्पा जिना उतरून आले. काठी नाही. गुळाची मोठी ढेप, अख्खा रवा, उचलून दाखवला मला.

बुधवार, १५ नोव्हेंबर

९०० दिवस. दाढ पडली, दुखलीसुद्धा नाही. झाडायला येणाऱ्या तानाबाईला टेबलाच्या खणात सापडलेला फोटो दाखवला, बोळकं तोंड, डोळे आत गेलेले. हे पिराजीचे वडील का, विचारलं. ती हसली. "आवो दिवाणजी, त्यो पिराजीच की! अडतीस वर्सांचा गडी हुता. शिमग्याला आला, गणपतीला गेला." मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसायची थांबली. केर तसाच टाकून गेली.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

यादीतून माझं नाव काढलं. पुन्हा मेक. जिथं माझं नाव होतं त्याच ओळीवर अडतं. सात वेळा. नाव परत घातलं की पार होतं —

शिवांजली फोन उचलत नाही.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

३०० दिवस. गाडीअड्ड्यापर्यंत जाऊन आलो, एसटी धरावी म्हणून. गुडघे वाटेतच बसले. हमालांनी उचलून परत याच खुर्चीत आणून ठेवलं. चन्नाप्पा दारात पान खात उभे होते. केस काळे झालेत त्यांचे. आता मला अरे-तुरे करतात. "कुठं पळतोस रं म्हाताऱ्या? वही अर्धी टाकून जात्यात व्हय?"

शनिवार, १८ नोव्हेंबर

१२० दिवस. अक्षर नीट येत नाही, आक्का, समजून घे.

चन्नाप्पा शेजारी बसले, गोड बोलले. म्हणाले, आणखी एक नाव घाल आणि बांध, तुझं थांबतंय. पिराजीला कुणी नव्हतं म्हणून त्याचं संपलं. "तुला हाय की कोनतरी. रोज वहीत लिवतोस ती कोन?"

तुझं नाव मी सांगितलं नाही. देवाशपथ, नाही सांगितलं.

रविवार, १९ नोव्हेंबर

सकाळी ११ होते. दुपारी ४.

आक्का, मी — भीती वाटली गं. नुसती भीती. हात आपोआप — नाही, खोटं कशाला. मीच तुझं नाव टंकलं. चिमणाबाई. मेक एका दमात पार झालं. माझे ४ तसेच राहिले. खाली तुझं खातं आलंय. ३६५० —

आता ३४००.

तुझं नाव खोडलंय. मेक पुन्हा लावलंय. ओळी सरकताहेत, अजून अडलेलं नाही, लाईट जाऊ नये एवढंच. ही वही हमालाच्या हाती एसटीवाल्याकडं पाठवतो, वाचलीस की लगेच निरोप पाठव, कुणाच्याही हाती. दात, केस, गुडघे, सगळं नीट आहे ना? लवकर कळव. तोवर मी इथून हलत नाही, पडद्यावर पार झाल्याची ओळ आली की —

अडलं. आक्का, तुझ्याच नावाशी