शुक्रवारी संपलेलं काम

कात्रज, पुणे
९ ऑक्टोबर २०११

प्रिय हेमा,

तीन महिने तुला पत्र नाही, माफ कर. फोन होतात, पण फोनवर मी आईच्या औषधांपलीकडे जात नाही. तुझ्या हुकलेल्या मुलाखतीबद्दल तर एकदाही बोलले नाही. तुझा आवाज ऐकला की धीर सुटतो, म्हणून लिहिते आहे.

आई तशीच आहे. उजवी बाजू हलत नाही. आईला सांभाळायला सुशीलाबाई सकाळी नऊला येतात, संध्याकाळी सातला जातात. उरलेल्या वेळात दर दोन तासांनी आईची कूस मी बदलते. आता गजर न लावताही जाग येते. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तरी कान खालीच असतात. सहावं वर्ष आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही. की तक्रारच आहे? असू दे.

जुलैत तू नागपूरहून येऊन आईजवळ राहिलीस म्हणून मी आफ्रिकेत, रवांडातल्या किगालीला जाऊ शकले. तिथल्या हॉटेलचं तुला नीट सांगितलंच नाही. बँकेचं सॉफ्टवेअर बसवायला गेलेल्या मला कंपनीने एका पर्यावरणपूरक हॉटेलात उतरवलं. टेकडीच्या उतारावर बाराच खोल्या. पावसाचं साठवलेलं पाणी, तेही उन्हावर तापवलेलं, शॉवरऐवजी बादली, कालच्या भाज्यांचं आज सूप. पाहुणे कौतुकाने फोटो काढत. आपल्या आईने जन्मभर हेच केलं. तिला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

पहिल्या दिवसापासून मी सकाळी पलंग आवरायची, कप विसळायची, न्हाणीघर पुसायची. परक्या बाईने आपला पसारा का पाहावा? तिसऱ्या दिवशी खोली साफ करणारी इमाक्युले, माझ्याच वयाची, दारात उभी राहिली. तुटक इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, माझं काय चुकलं? मॅनेजर विचारतो, या खोलीत तू करतेस तरी काय?" मी ओशाळले. घरची सवय, म्हटलं. "घरी करा. इथे बसा." तिने खिडकीशी खुर्ची ओढली. मी बसले, हेमा. दुसरं कुणी काम करत असताना मी बसले, असं सहा वर्षांत पहिल्यांदा झालं.

आता खरं सांगते. काम शुक्रवारीच संपलं होतं. शनिवारचं विमान मी स्वतः पुढे ढकललं. ऑफिसला रजा कळवली. तुला मात्र सांगितलं, सर्व्हर बंद पडलाय. चार दिवस त्या खुर्चीत बसले. गावसुद्धा पाहिलं नाही. सोमवारी अमरावतीला तुझी मुलाखत होती, नऊ वर्षं तासिकेवर शिकवल्यानंतर कायम जागेसाठी आलेली पहिली. मी ती तारीख विसरले नव्हते. सुशीलाबाई रात्री राहतील, तू जाशील, अशी समजूत करून घेतली. त्यांना विचारलं नाही. त्या नाही म्हणाल्या असत्या. जागा दुसऱ्याला गेली. मी परतले तेव्हा तूच म्हणालीस, "ताई, तुझ्या तरी हातात काय होतं?" मी नुसती मान हलवली.

काल फोनवर म्हणालीस, "दिवाळीच्या सुटीत मी येते. तू चार दिवस कुठेतरी जाऊन ये. किती अडकलीयस गं!" ते चार दिवस मी आधीच घेतलेत, तुझ्या वाट्यातले. हे ठाऊक नसताना तू यावंस, हे मला चालणार नाही. वाचूनही यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस, तर आईला कारण मी सांगेन, आणि खरं तेच सांगेन.

तुझीच,
नम्रताताई

(स्वतःच्या वहीत) उद्या: पुन्हा न वाचता पत्र पेटीत टाकणे.