कपाळावर आलेला चेंडू

मॉन्टेव्हिडिओ, १४ एप्रिल १९१९

डॉक्टर म्हणतो, डावा डोळा गेला. चेंडूच्या तोंडाशी बांधलेली कातडी दोरी थेट बुबुळावर बसली होती. डोक्याला पुन्हा मार लागला तर उजव्याचीही खात्री नाही. फुटबॉल सोडा म्हणे! सेंटर फॉरवर्डची जागा सोडून काय करू—जन्मभर कत्तलखान्यात गाई सोलू?

१७ एप्रिल

फक्त एवारिस्तोला सांगितलं. बायकोचा भाऊ, शिवाय डाव्या बगलेला माझ्या शेजारीच खेळतो—त्याच्यापासून लपवणार तरी किती? तो म्हणाला, "दाजी, डावीकडचं मी बघतो. तुम्ही फक्त गोल करा."

रमोनाला—त्याच्या बहिणीला—कळू द्यायचं नाही, असं ठरलं.

४ मे

दोन गोल! एवारिस्तो आता उंच चेंडू टाकतच नाही. सगळे जमिनीलगत, थेट माझ्या पायात. लोक त्याची टर उडवतात—याला चेंडू उचलायला क्रेन लागेल म्हणून. तो ऐकून घेतो. मी मात्र आज लोकांच्या खांद्यावर बसून मिरवलो.

८ जून

येत्या रविवारी ब्यूनस आयर्सवाले नदी ओलांडून येणार. कत्तलखान्यात दुसरा विषय नाही.

रमोना माझी टोपी शिवत होती. दोरी कपाळाला लागू नये म्हणून आम्ही सगळेच खेळताना टोपी घालतो. म्हणाली, "हल्ली हिला मळसुद्धा लागत नाही." मी हसण्यावारी नेलं. चेंडूला डोकंच लावत नाही, मळ कुठून लागणार!

१५ जून

हरलो. एका गोलने.

शेवटी शेवटी एवारिस्तोला दोघांनी कोंडलं. जमिनीवरून वाटच नव्हती, म्हणून त्याने चेंडू उचलला. काय सुरेख आला! समोर गोल मोकळा, नुसतं कपाळ लावायचं होतं. मी मान खाली घातली आणि चेंडू डोक्यावरून निघून गेला.

संघ निवडणारे क्लबच्या समितीचे म्हातारे कपडे बदलायच्या खोलीच्या दारातच उभे होते. मी तोंड उघडायच्या आत एवारिस्तो म्हणाला, "माझं चुकलं. चेंडू फार उंच गेला." मी बुटांच्या नाड्या सोडत बसलो. लाज वाटते स्वतःची.

१६ जून

एवारिस्तो कामावर भेटला. नेहमीसारखाच बोलला.

१९ जून

ब्यूनस आयर्सच्या परतीच्या सामन्यासाठी संघ जाहीर झाला. मी आहे. एवारिस्तो नाही.

समितीची माणसं अजून कॅफेत बसली असतील. निघतो. चेंडू अगदी कपाळावर आला होता, हे सांगून येतो.